आधी दिवस, मग रात्र, शेवटी पाणी

बदकाची पिल्ले ब्रूडरमधून, म्हणजे दिव्याच्या कृत्रिम उबेतून, काढून मोकळी कधी सोडायची, या साध्या प्रश्नाची तीन ठाम उत्तरे मिळतात आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. आपल्याकडच्या बदकपालनाच्या पुस्तिका सांगतात, की खाकी कॅम्पबेल जातीच्या पिल्लांना तीन ते चार आठवडे कृत्रिम ऊब पुरे. इंग्लंड-अमेरिकेत परसातल्या बदकांवर लिहिलेली पुस्तके अंगावर पक्की पिसे भरेपर्यंत, म्हणजे जवळपास सात-आठ आठवडे, थांबायला लावतात. आणि जपानमधल्या फुकुओका भागात १९८८ पासून भातशेतीत बदके पाळणारे ताकाओ फुरुनो जेमतेम एक-दोन आठवड्यांची पिल्ले थेट खाचरात सोडतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावरच्या सुप्याजवळ एखाद्या मळ्यात कुणी पन्नास पिल्ले आणली, तर त्याने यांतले कोणाचे ऐकायचे? माझे म्हणणे असे, की तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त तिघांच्या मनातले ‘बाहेर’ वेगवेगळे आहे. दुपारी बाहेर असणे, रात्री बाहेर असणे आणि पाण्यात असणे या तीन गोष्टींसाठी पिल्लाच्या अंगात तीन वेगळ्या क्षमता याव्या लागतात, आणि त्या एकाच दिवशी येत नाहीत. तेव्हा कॅलेंडरवर एका तारखेला खूण करून सगळी पिल्ले एकदम बाहेर काढणे ही पद्धतच चुकीची. क्रम लावायचा, आणि सुप्याच्या हवेत तो दिवस, रात्र, पाणी असा लागतो.

आधी हे मान्य करायला हवे, की बदक हा या दुष्काळी पट्ट्याचा पक्षी नव्हे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांत बदके साडेतीन कोटींच्या आतच होती आणि त्यांचा मोठा वाटा पश्चिम बंगाल, आसाम, केरळ अशा पाणथळ राज्यांत होता. याचा परिणाम आपल्या माहितीवरही झाला आहे. बदकांविषयीचे भारतीय अनुभवाचे भांडार बहुतांशी दमट, सखल प्रदेशांतले आहे. पुस्तिकांतला तक्ता पाहा: पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली २९ ते ३२ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, चौथ्या आठवड्यात २४. केरळात अलप्पुळाच्या खाचरांकडे जानेवारीच्या रात्रीही पारा २२-२३ अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. म्हणजे तिथे चार आठवड्यांच्या पिल्लाला ब्रूडरमधून काढले, तरी त्याची रात्र जवळपास ब्रूडरच्याच तापमानात जाते. इंग्लंडात वसंत ऋतूतही रात्र गारठ्याची असते, म्हणून तिथला लेखक पिसांची वाट पाहतो. फुरुनो पिल्ले सोडतात ती जूनमध्ये, आणि तिथली जूनची रात्र वीस अंशांच्या आसपास असते. शिवाय त्यांची पिल्ले सोडण्याआधीच थोडी-थोडी पाण्याला सरावलेली असतात आणि खाचराला विजेचे कुंपण असते. तीन उत्तरांतली तीन वये ही खरे तर तीन प्रदेशांतल्या रात्रींची वर्णने आहेत.

सुप्याची रात्र यांपैकी कशातच बसत नाही. पठारावरच्या या कोरड्या मुलखात डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी पारा २८-२९ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे अकरा-बाराच्या आसपास उतरतो. थंडीची लाट आली तर आणखी खाली. एकाच दिवसात सोळा-सतरा अंशांचा फरक. हा फरक नीट पाहिला की दोन्ही टोकांचे सल्ले इथे का अपुरे पडतात ते कळते. भर थंडीतली दुपार दुसऱ्या आठवड्याच्या ब्रूडरइतकी उबदार असते, तेव्हा दहा-बारा दिवसांच्या पिल्लाला सावलीच्या कडेला, वारा अडवून, तासभर मोकळे सोडायला काहीच हरकत नाही. पाश्चात्त्य पुस्तकाचे ऐकून त्याला दोन महिने कोंडून ठेवणे हा निव्वळ तोटा आहे. पण त्याच दिवशीची पहाट चार आठवड्यांच्या पिल्लालाही जड जाते, कारण तोवर त्याची शेपूट, खांदे आणि पोटाच्या कडा पिसांनी भरू लागलेल्या असल्या, तरी पाठ अजून लवेवरच असते. पाठीची पिसे उशिरा येतात. आपल्या पुस्तिकेचे ऐकून चौथ्या आठवड्यात बल्ब बंद केला आणि त्याच रात्री पिल्ले उघड्या खुराड्यात हलवली, तर सकाळी ती एकमेकांच्या अंगावर ढीग करून बसलेली आणि खालची गुदमरलेली सापडणे अगदी शक्य आहे. वाऱ्याचाही विचार हवा. सुप्याच्या परिसरातल्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या इथला वारा पाहूनच. ओल्या लवेच्या पिल्लाला असा वारा लागला, तर तापमापकावरचा आकडा कितीही समाधानकारक असो, त्याच्या अंगातली ऊब झपाट्याने जाते.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो निसर्गाचा. रानबदकाची आई पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर दिवसभरातच त्यांना पाण्यावर नेते. मग आपण एवढी काळजी का करायची? आक्षेप खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. ती आई थंडी वाजू लागली की, आणि रात्री तर हमखास, पिल्लांना पंखांखाली घेते. पहिले दोन आठवडे तिचे अंग हाच ब्रूडर असतो. एवढे असूनही रानबदकांची निम्म्याहून अधिक पिल्ले उडायला लागण्याआधीच मरतात आणि त्यांतली बरीचशी पहिल्या दोन आठवड्यांतच. निसर्गाला हा हिशेब परवडतो, पिल्ले विकत घेणाऱ्याला परवडत नाही. उलट आईची रीत बारकाईने पाहिली तर ती माझ्याच म्हणण्याची साक्ष देते: दिवसा बाहेर, रात्री उबेत. गावाकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवण्याची चाल आहे, कारण खाकी कॅम्पबेल मादी सहसा उबवायला बसत नाही. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला २८; तेवढा जास्तीचा आठवडा कोंबडीने चिकाटी धरली, तर पुढे बल्ब, तक्ता, तापमापक कशाचीच गरज उरत नाही. ती पिल्लांना दिवसभर उकिरड्यावर फिरवते आणि दिवेलागणीला पोटाखाली घेते. आठ-दहा पिल्लांपुरता यापेक्षा चांगला उपाय नाही. पन्नास पिल्लांसाठी मात्र कोंबडीचे काम माणसालाच करावे लागते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: एवढी जोखीम असेल तर पक्की पिसे येईपर्यंत आतच ठेवावीत, बिघडले कुठे? बिघडते, आणि बरेच. बदकाचे पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा कितीतरी जास्त पाणी सांडते आणि त्याची विष्ठा पातळ असते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत एका पिल्लाला साधारण एक चौरस फूट जागा पुरते, पण ते इतक्या वेगाने वाढते की पुढच्या पंधरवड्यात तीच जागा चिखल होऊन जाते. खाली अंथरलेल्या ओल्या तुसातून अमोनियाचा वास सुटला की डोळे आणि श्वासनलिका बिघडतात. बुरशी धरली की फुफ्फुसे. कोंडलेली पिल्ले एकमेकांची नवी पिसे उपटतात. ऊब गरजेपेक्षा जास्त दिवस चालू ठेवली तर पिल्ले दिव्यापासून लांब, चोच उघडी टाकून धापा टाकत पडतात आणि कमी खातात. शिवाय सुप्याच्या आसपासच्या वस्त्यांवर दिव्याचाच भरवसा कमी. रात्री वीज गेली की सगळी ऊब जाते, आणि जुना तारेचा बल्ब जाऊन एलईडी आल्यापासून उजेड भरपूर आणि ऊब जवळजवळ शून्य, अशी एक नवीच फसगत झाली आहे. कोळशाची शेगडी हा जुना पर्याय अजूनही उपयोगी आहे, पण बंद खोलीत तिचा धूर न दिसणारा असला तरी जीवघेणा ठरतो. म्हणून पिल्ले दिव्यावर शक्य तितके कमी दिवस अवलंबून राहावीत, हेच शहाणपणाचे. त्यांना त्या वळणावर आणायचा मार्ग सोपा आहे. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी दिवा बंद आणि दार उघडे. तिसऱ्यात दिवसभर दिवा बंद. चौथ्यात तो फक्त मध्यरात्रीनंतर. आणि तो पूर्ण बंद केल्यावरही पिल्ले तीन-चार रात्री त्याच ओळखीच्या खोलीत. जागा बदलायची ती त्यानंतर. ऊब, जागा आणि खाद्य यांतली एकच गोष्ट एका वेळी बदलावी, हा नियम मला तापमानाच्या तक्त्याहून महत्त्वाचा वाटतो. किती ऊब हवी हे पिल्लेच सांगतात: दिव्याखाली गर्दी केली तर थंडी आहे, कडेला पळाली तर उष्मा आहे, सगळीकडे विखरून निवांत पडली तर ठीक चालले आहे.

खाद्याचा उल्लेख ओघात आला, पण बाहेर सोडताना सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. पिल्ले चरायला लागली म्हणजे पिल्लांचे खाद्य बंद करून घरातला भरडा आणि उरलेसुरले घालायचे, असा सर्रास समज आहे. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा खूप जास्त लागते; अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये दिलेल्या तक्त्यात किलोभर खाद्यामागे बदकाच्या पिल्लासाठी ५५ मिलीग्रॅम आणि ब्रॉयलर पिल्लासाठी ३५ मिलीग्रॅम असे प्रमाण आहे. ते कमी पडले की पाय बाकदार होतात, ढोपरे सुजतात आणि पिल्लू चालेनासे होते. मोकळे सोडले की नेमके जास्त चालावे लागते, त्यामुळे आत लपून राहिलेली उणीव बाहेर उघडी पडते आणि दोष मात्र ‘बाहेरच्या हवे’ला जातो. भुईमुगाच्या पेंडीत हे जीवनसत्त्व भरपूर असते, म्हणून ती घालण्याचा मोह होतो. पण इथेच एक मोठा धोका आहे. १९६० मध्ये इंग्लंडात ब्राझीलहून आलेल्या बुरशीयुक्त भुईमूग पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्या तपासातून अफलाटॉक्सिन हे विष सापडले. या विषाला बदकाचे पिल्लू इतके हळवे असते, की पुढे खाद्यात ते आहे का हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांनी एक दिवसाची बदकाची पिल्लेच वापरली. कोंबड्या जी कुबट पेंड पचवतात, ती बदकाच्या पिल्लाला मारू शकते. ओलसर मक्याचे आणि अरगट बुरशी लागलेल्या बाजरीचेही तेच. स्वच्छ, कोरडी बाजरी मात्र वाढत्या पिल्लांना चांगली मानवते. तेव्हा निदान आठ आठवडे तरी पिल्लांचे चांगले खाद्य चालू ठेवावे आणि शेतातले किडे, गोगलगायी, गवत ही त्यावरची भर समजावी.

आता पाणी. बदक म्हटले की तळे आले, आणि तळे नसलेल्या गावात बदके पाळणे हा हट्ट आहे, असे कुणी म्हणेल. इथे पुरावा आपल्या बाजूने आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या मॅरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बदकांना तळे, उथळ पन्हळ किंवा पाण्याचा फवारा यांपैकी काहीतरी देऊन पाहिले. डोळे, नाकपुड्या आणि पिसे स्वच्छ राहण्याच्या दृष्टीने पन्हळ आणि फवारा तळ्याच्या तोडीस तोड ठरले. त्रास झाला तो ज्यांना नुसती पिण्यापुरती तोटी होती त्यांना. याचा अर्थ पारनेरसारख्या तालुक्यातही बदकाला पोहायला पाणी नसले तरी चालते, डोके बुडवायला हवे. एक पसरट घमेले, दिवसातून दोनदा बदललेले पाणी, आणि ते सांडलेले पाणी एखाद्या झाडाच्या आळ्यात. ब्रूडरमध्ये असताना भांड्यातले पाणी दोन-तीन इंचच खोल ठेवतात, म्हणजे पिल्लाला पिता येते पण भिजता येत नाही. हे बंधन सैल करायचे ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, उन्हाच्या वेळी, पाच-दहा मिनिटांपुरते. पाणी अंगावरून ओघळून जाते ते केवळ शेपटाजवळच्या ग्रंथीतल्या तेलामुळे, असे आपण ऐकत आलो आहोत. पिसांच्या अतिसूक्ष्म गुंफणीत अडकलेली हवा हे त्याहून मोठे कारण आहे, आणि ती गुंफण चोचीने विंचरून विंचरून जागेवर ठेवावी लागते. ब्रूडरच्या ओल्या गादीवर लोळलेल्या, लव चिकटलेल्या पिल्लाला ही सवयच लागलेली नसते. ते पाण्यात पडले की स्पंजासारखे भिजते.

आणि इथल्या मुलखात ते पडण्याची जागाही ठरलेली आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली, आणि प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी आता शिवारात जागोजागी दिसतात. त्यांचा काठ तीव्र उताराचा आणि ओला झाला की साबणासारखा निसरडा. मोठे बदक पंख मारून कसेबसे बाहेर येईल. पाच आठवड्यांचे पिल्लू आत उतरते हौसेने, तासभर पोहून दमते, भिजते आणि काठाशी पाय मारत बुडते. पोहणारा पक्षी बुडून मरतो हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण लवेतल्या पिल्लांच्या बाबतीत ते अगदी साधे आहे. म्हणून पाणी क्रमाने शेवटी: पाठीवर पिसे भरल्यावर, आणि तेव्हाही शेततळ्यात काठापासून पाण्यापर्यंत गोणपाट किंवा काथ्याची जाळी नीट बांधल्याशिवाय नाही. पाझर तलाव आणि नाल्यांचे बंधारे काठाने सौम्य असतात. राळेगणसिद्धीमुळे हा तालुका पाणलोटाच्या कामांसाठी देशभर माहीत झाला आणि अशी लहान पाणसाठ्यांची ठिकाणे आसपास बरीच आहेत. पण फेब्रुवारीनंतर ती आटू लागतात, तळाशी कुजका गाळ आणि मेलेले मासे उरतात, आणि अशा कोमट, सडक्या पाण्यात बोटुलिझमचे विष तयार होते. ते खाल्लेल्या बदकाची मान लुळी पडते. आटते डबके हे बदकाला सगळ्यात आवडणारे आणि सगळ्यात घातक ठिकाण.

बर्ड फ्लूचा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. केरळात २०१४ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२१ च्या आरंभी बदकांच्या कळपांतच तो सापडला. बदक हा विषाणू अंगात बाळगून वरवर ठणठणीत दिसू शकते, आणि थायलंडमधल्या अभ्यासांनी भातखाचरांत हिंडणाऱ्या बदकांचा या रोगाच्या फैलावाशी संबंध दाखवला आहे. तरी यातून मुक्त संचार बंद करा असा निष्कर्ष निघत नाही. नवापूरचा उद्रेक तर बंदिस्त व्यावसायिक कोंबडीपालनातला होता. निष्कर्ष निघतो तो एवढाच, की मोकळे फिरण्याला कुंपण हवे. हिवाळ्यात जायकवाडीपासून भिगवणपर्यंत सगळीकडे स्थलांतरित बदके उतरतात. ती जिथे उतरतात त्या पाण्यावर पाळीव बदके नेऊ नयेत, आणि बदके-कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नयेत. शेजारी कुणाची ब्रॉयलरची शेड असेल, तर ही काळजी आपल्यापेक्षा त्याच्यासाठी जास्त. बदकांच्या कॉलऱ्याची लस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि डक प्लेगची आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान देतात. पहिली लस आणि बाहेर काढण्याची वेळ एकत्र येते; दोन्हींचा ताण एकाच दिवशी नको. कांद्याच्या आणि डाळिंबाच्या शेतात फवारणी झाली असेल किंवा दाणेदार कीटकनाशक टाकले असेल, तर त्या बाजूला काही दिवस पिल्ले फिरकू देऊ नयेत; ते दाणे पक्षी खाद्य समजून टिपतात.

राहिली रात्रीच्या निवाऱ्याची गोष्ट. बदक कोंबडीसारखे आढ्यावर चढून झोपत नाही, जमिनीवरच बसते. त्यामुळे मुंगूस, रानमांजर, कोल्हा, मोकाट कुत्री या सगळ्यांच्या ते थेट तोंडी असते. दिवसा लहान पिल्लांवर घार आणि कावळा टपून असतात, म्हणून पहिल्या दिवसांत वरूनही जाळी हवी. षट्कोनी कोंबडीजाळी बदकाला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालच्या दोन फुटांना तरी अर्ध्या इंचाची जोडजाळी लागते. फासे किंवा विष लावण्याचा विचारही करू नये, यांतले बहुतेक वन्यप्राणी कायद्याने संरक्षित आहेत. नव्या निवाऱ्यात पिल्ले आधी काही दिवस त्याच्या अंगणातच कोंडून ठेवावीत आणि दाणा फक्त संध्याकाळी, आत द्यावा. मग मोकळी सोडल्यावर ती दिवेलागणीला आपणहून परततात. या सवयीचा मोबदला पुढे मिळतो. बदके आपली जवळजवळ सगळी अंडी सकाळी नऊच्या आत घालतात, आणि चांगली खाकी कॅम्पबेल मादी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. रात्री कुठेही पडून राहणाऱ्या कळपाची अंडी बांधावर आणि ओढ्यात जातात.

हा सगळा व्याप दर वेळी वेगळा पडतो तो ऋतूमुळे. एप्रिल-मेमध्ये दिव्याची चिंता जवळजवळ संपते आणि सावलीची सुरू होते. जून-जुलैत भुरभुर पाऊस आणि पठारावरचा वारा एकत्र येतात, जे लवेच्या पिल्लाला सर्वांत वाईट. नोव्हेंबर-डिसेंबरात आणलेल्या पिल्लांना ऐन गारठ्यात रात्र काढावी लागते. म्हणून सुप्यात पहिल्यांदाच बदके पाळणाऱ्याने पिल्ले ऑगस्टच्या अखेरीस आणावीत. ती सप्टेंबरच्या दुपारी बाहेर पडतील, ऑक्टोबरमध्ये वारा पडलेला आणि बांधावर गवत-किडे मुबलक असताना रात्रीचा निवारा ओळखतील, आणि थंडी पडेपर्यंत त्यांच्या पाठी पिसांनी भरलेल्या असतील. पन्नास नकोत, पहिल्या वर्षी पंधरा-वीसच आणा.